जुनी खोळ टाकायची नाही

सकाळ धुक्यातच उगवली आणि धुक्यातच अडकून पडली. रस्त्यापलीकडचं औषधाचं दुकान नुसत्या दिव्याच्या अंदाजानं ओळखायचं. उस्तादनं शटर वर ढकललं तेव्हा ते दमट हवेनं असं कण्हलं की शेजारच्या चष्म्याच्या दुकानातून भाची ओरडली, "मावशी, तेल घाल गं त्याला! माणसं म्हणतील बाई दुकानात कुणाला छळते." रोज उस्ताद तिला काहीतरी उलट सुनावायची. आज नाही सुनावलं.

उस्ताद म्हणजे बाई. खरे उस्ताद तिचे वडील, अण्णा. सोफे, खुर्च्या, पलंगाची डोकी नव्यानं मढवण्यात त्यांचा हात धरणारं बाजारात कुणी नव्हतं. ते गेल्यावर लोक हिला उस्तादांची मुलगी म्हणायला लागले. मग लोकांच्या जिभेला कंटाळा आला आणि मुलगी गळून नुसतं उस्ताद उरलं. बाई पन्नाशीला टेकलेली, मनगटं जाड, बोलणं थोडकं. लग्न एकदा झालं होतं, फार टिकलं नव्हतं. का टिकलं नाही असं कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "सांगाडा बरा होता, भरण वाईट निघालं." विचारणारा हसायचा आणि विषय तिथंच मिटायचा. तिला तेच हवं असायचं.

समोर दातांच्या डॉक्टरचा लांबलचक सोफा होता. त्यावर बसणारा प्रत्येक जण गाल धरून, कोपर टेकून बसायचा, त्यामुळे बसायची जागा ठीक आणि हातांचे टेकू पार कामातून गेलेले. संध्याकाळी टेम्पो न्यायला येणार होता. तिनं टेकूवरचं कापड उसवलं, खालचा काळा पडलेला कापूस ओढून काढला. थंडीनं चिकटवायचं सोल्युशन घट्ट झालं होतं, तो डबा गरम पाण्याच्या भांड्यात उभा केला. हात आपापलं काम करत होते. मन मात्र एप्रनच्या खिशात होतं, फोनपाशी.

काल रात्री लिफ्टवाल्यानं एक चित्र पाठवलं होतं. चित्रात हिचाच फोटो, बाजूला हिरवा ठिपका. ज्या ॲपवर वर्षापूर्वी त्या दोघांची गाठ पडली, तिथलंच तिचं पान. खाली त्यानं एवढंच लिहिलं होतं, ‘बहिणीला दिसलं.’ त्याची धाकटी बहीण त्याच ॲपवर स्वतःसाठी कुणीतरी शोधत होती; शोधताना तिला होणारी वहिनी सापडली. मग पहाटे दुसरा निरोप. ‘दुपारी येतो. तुमच्याशी बोलायचं आहे.’

तुमच्याशी. पहिल्याच महिन्यात बागेतल्या बाकावर दोघांनी मिळून ‘तुम्ही’ला रजा दिली होती. एका रात्रीत ते परत आलं.

आणखी एक गोष्ट होती, ती जास्त वाईट. लिफ्टवाला म्हणजे उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्याच्या कंपनीनं त्याला दुसऱ्या शहरात टोळीचा मुख्य म्हणून बोलावलं होतं आणि जाणार की नाही हे आज संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. "मी नाहीच म्हणणार आहे," गेल्या आठवड्यात तो म्हणाला होता. "इथं एक घर बघितलंय. दोन खोल्या, आणि मागं तुझ्या हत्यारांपुरती पडवी. काय म्हणतेस?"

"बघू," ती म्हणाली होती आणि मूठभर खिळे तोंडात टाकून कामाला लागली होती.

मढवणाऱ्या माणसाचं तोंड हीच त्याची डबी. बारीक खिळे ओठांत धरायचे, जिभेनं एकेक पुढं सरकवायचा, लोहचुंबकी हातोडीच्या टोकानं टिपायचा आणि ठोकायचा. तोंडात खिळे असले की बोलता येत नाही, आणि बोल म्हणून कुणी आग्रहही करत नाही. उस्तादला धंद्यातली ही सोय फार आवडायची.

आज मात्र तिला लिफ्टवाला हवा होता. तो जायला नको होता. एवढं एकच तिला धुक्यातूनही स्वच्छ दिसत होतं.

भाची चहाचे दोन कप घेऊन आली. थोरल्या बहिणीची मुलगी, चष्मे विकते, आणि आल्यागेल्याची नजर न विचारता तपासते. हिचं ॲपवरचं पान तिनंच काढून दिलं होतं.

"तोंड बघ. काय झालं?"

उस्तादनं फोन पुढं केला. भाचीनं चित्र बघितलं, निरोप वाचला आणि कप फळीवर ठेवला.

"मावशी, तुझ्या वयाची माणसं गुडघ्यांची काळजी करतात. तू माझ्यापेक्षा मोठा घोळ घातलास की गं. वर्ष झालं, ते पान अजून ठेवलंस कशाला?"

"राहिलं."

"राहत नसतं. हिरवा ठिपका म्हणजे तू काल ते उघडलं होतंस. काढून टाक. आत्ता, माझ्यासमोर. आणि त्याला सांग, विसरले होते."

"विसरले नव्हते."

"मग?"

उस्तादनं पायाशी पडलेलं टेकूचं जुनं कापड उचललं. "हे बघ. सोफा उघडला की जुनी खोळ टाकायची नाही. नवं कापड तिच्यावरूनच बेततात. शेवटचा खिळा बसला की मग टाकायची. अण्णांनी मला हातोडी धरायच्या आधी हे शिकवलं."

"माणूस म्हणजे सोफा नव्हे."

"सोफा बरा. रात्री चित्रं पाठवत नाही."

भाची हसली, पण डोळे हसले नाहीत. "आमच्यात कसं असतं सांगू? आमच्यात तोंडानं ठरवावं लागतं. आजपासून आपण दोघंच, असं दोघांनी म्हटलं की बांधलेले. नाही म्हटलं तोवर मोकळे, कुणी कुणाला बोल लावायचा नाही. तुम्ही म्हटलं होतं का कधी?"

"म्हणायचं काय त्यात? तो माझ्या घरी जेवतो. तापात होता तेव्हा मी उशाशी बसले. त्यावर आणखी काय बोलून दाखवायचं?"

"म्हणजे तुमच्या पद्धतीनं ठरलं आणि आमच्या पद्धतीनं नाही. आता आली पंचाईत. बांधलेली म्हणवतेस त्या पद्धतीनं, आणि ॲप ठेवतेस ह्या पद्धतीनं. दोन्हीकडचं सोयीचं तेवढं घेतलंस की." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "कुणाशी बोलतेस त्यात?"

उस्तादचा हात खिळ्यांच्या डब्याकडे गेला. भाचीनं तो जाताना पाहिला.

"म्हणजे आहे कुणीतरी," ती म्हणाली. पुढं काही न बोलता दोन्ही कप घेऊन गेली. उस्तादचा चहा तसाच होता.

दुपारी धुकं पातळ झालं, पण ऊन काही पडलं नाही. लिफ्टवाला आला तो कामाच्या कपड्यांतच, नखांत वंगण, खांद्यावर पिशवी. दारातच थांबला. बसायला दुकानात धड जागाही नव्हती; सगळ्या खुर्च्यांची पोटं फाडलेली. एरवी तो एखाद्या उघड्या स्प्रिंगवर हात दाबून काहीतरी थट्टा करायचा.

"चहा?"

"नको. संध्याकाळी साहेबांना कळवायचंय."

"माहीत आहे."

"मी रागावलो नाही," तो म्हणाला. "रागावता आलं असतं तर बरं झालं असतं, झोप तरी लागली असती. मला फक्त कळून घ्यायचंय. का ठेवलंत ते?"

तिनं भाचीला सांगितलं तेच सांगितलं. खोळ, बेतणं, शेवटचा खिळा. सकाळपेक्षा नीट सांगितलं, कारण सकाळपासून मनात तेच घोळवत होती. तो मन लावून ऐकत होता. मान हलवली.

"पटतं. हत्यार धरणाऱ्याला पटणारच. आम्हीसुद्धा नवा दोर चढवून जोखल्याशिवाय जुना सोडत नाही."

तिच्या छातीवरची शिळा जराशी हलली. वाटलं, सुटले.

"पण जुनी खोळ मापासाठी ठेवतात म्हणालात," तो तितक्याच शांतपणे म्हणाला. "मग माझं माप कशावरून घेत होतात?"

हात आपोआप डब्यात गेला, चिमूटभर खिळे तोंडात गेले, आणि ती हातोडी घेऊन टेकूपाशी वाकली.

"थुंक ते."

त्याचा आवाज चढला नव्हता, पण तो असं तिच्याशी कधी बोलला नव्हता. ‘तुम्ही’ गळून पडलं हेही त्याला कळलं नसावं. तिनं खिळे तळहातावर थुंकले. ओले, कोमट. मूठ मिटली.

"कुणी आहे त्यात?"

"एक घड्याळं दुरुस्त करणारा आहे. लांब राहतो. भेटले नाही, भेटणारही नाही."

"मग काय करतेस?"

"लिहिते त्याला. मधूनमधून."

"काय लिहितेस?"

तिनं फोन काढून त्याच्यापुढं धरला. त्यानं हात मागं घेतला. "दुसऱ्याला लिहिलेलं मी वाचणार नाही. तू सांग."

बाहेरून एक ट्रक गेला, तो जाईपर्यंत दोघंही थांबली. खोटं बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. ‘इकडचं तिकडचं’ असं म्हटलं असतं तर त्यानं मान हलवली असती, साहेबांना नाही म्हणून कळवलं असतं, आणि पुढच्या आठवड्यात ती दोघं त्या दोन खोल्यांना रंग कुठला द्यायचा ह्यावर बोलत बसली असती. हे सगळं तिला दिसलं. ती रंगाची वाटीसुद्धा दिसली.

"त्याला मी लिहिलं," ती म्हणाली, "की मला माणूस हवाय, पण संसार नकोय."

लिफ्टवाल्यानं पिशवी खांद्यावरून उतरवून खाली ठेवली, जणू ती एकदम जड झाली होती.

"हे त्याला सांगितलंस."

"हो."

"आणि मला म्हणालीस, बघू. मी घरमालकाला शब्द देऊन आलो."

"त्याला सांगणं सोपं होतं. त्याच्याकडून मला काही नको होतं."

"आणि माझ्याकडून?"

"तुझ्याकडून सगळं हवं होतं. म्हणून जीभ उचलली नाही."

तो कडवट हसला. "रात्रभर मला वाटत होतं, तो हिरवा ठिपका टोचतोय. कसला ठिपका! कुठला तो घड्याळवाला, त्यानं तुझं तोंडही पाहिलेलं नाही, आणि तुझ्या मनातलं त्याला ठाऊक. मला नाही. मी वर्षभर तुझ्या घरी जेवतोय."

ती उघड्या सोफ्याच्या कडेवर टेकली, स्प्रिंगा कुरकुरल्या.

"ऐक," ती म्हणाली. "त्या घरी, सासरी, सकाळी डोळा उघडला की माझा पहिला विचार, कोण कुठं आहे. स्वयंपाकघरात कोण, न्हाणीघरात कोण, आज कुणाचं तोंड कसं आहे. वाईट माणसं नव्हती. पण दिवसभर माझ्या डोक्यात त्या घराचीच हालहवाल चालायची, माझं असं काही चालायला जागाच नसायची. आता मी दुकानावरच्या माझ्या खोलीत उठते तेव्हा कुणीच कुठं नसतं. आणि मग मला तुझी आठवण येते. रोज येते. तू तिथंच घोरत पडलेला असलास तर आठवण कशी यायची?"

"हे पुस्तकातलं झालं."

"मी कधी पुस्तक उघडलंय? मी खुर्च्या उघडते."

एरवी तो ह्यावर हसला असता.

"माझं बरोबर उलटं आहे," तो म्हणाला. "माझ्याकडे रोज संध्याकाळी कुणीच कुठं नसतं. दिवसभर मी लोकांना आपापल्या मजल्यावर पोचवायची व्यवस्था बघतो. स्वतःचं कुलूप काढतो तेव्हा आतून आवाज येत नाही. कुणीतरी विचारावं, आलास का. जेवायला वाढू नये, पाय दाबू नयेत, काही नको. आलास का, बास. हे फार मागणं आहे का?"

"नाही."

"पण तू देणार नाहीस."

"मी विचारीन ना. फोनवर विचारीन. तुझ्या दारात उभी राहूनही विचारीन, येईन तेव्हा."

"येशील तेव्हा. आणि मी आजारी पडलो तर?"

"गेल्या वेळी आले नव्हते का?"

"पाहुणी आली होतीस. ताप उतरला, गेलीस."

"गेले. पुन्हा यायला गेले."

"पुन्हा येशील हे कशावरून?"

"कशावरूनच नाही. तेच सांगतेय तुला. एका छपराखाली गेलं की येण्याचा प्रश्नच मिटतो. मग समोरचा आपल्यासाठी आला की तिथं नुसता होता, हे कुणी बघतच नाही. मी तशी नुसती होते, लग्न टिकलं तोवर. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्यासुद्धा."

तो एक पाऊल पुढं आला. "आणि एखाद्या दिवशी नाही आलीस तर?"

तिनं मूठ आवळली तेव्हा खिळे तळहाताला टोचले.

"तर नाही आले," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला. "खोटं तरी बोल गं," तो म्हणाला, आणि त्या आवाजानं तिचा जीव गलबलला.

"सकाळपासून तेच जमवतेय. येत नाही."

मग तिनं घाईघाईनं फोन उघडला. "हे ॲप काढून टाकते. तुझ्यासमोर काढते, बघ."

"ठेव नाहीतर काढ," तो म्हणाला. "मी समोर उभा राहिलोय म्हणून काढणार. त्यानं मला काय कळणार? तू आत्ता मला घाबरलीस एवढंच." पिशवी तिथंच ठेवून तो बाहेर गेला आणि फुटपाथवर उभा राहून फोन लावला.

काचेतून तो दिसत होता, ऐकू येत नव्हता. समोर रस्त्यावर कुणीतरी गाडीचं चाक खोलत होतं, त्याच्या ठोक्यांत सगळं बुडत होतं. लिफ्टवाला बोलत होता, मोकळा हात खाली-वर होत होता. मध्येच थांबून त्यानं बराच वेळ नुसतं ऐकून घेतलं. चष्म्याच्या दुकानाच्या दारात भाची येऊन उभी राहिली, त्याच्याकडे बघून पुन्हा आत गेली. हिच्या मनात आलं, त्याला ओरडून सांगावं, घे त्या खोल्या, येते मी, मरू दे सगळं. ती उठलीही. दोन पावलं गेली. मग तिला सकाळी डोळा उघडतानाचा तो पहिला विचार आठवला, कोण कुठं आहे, आणि पाय तिथंच थांबले. हात मागं नेऊन तिनं सोफ्याची कड धरली.

तो परत आला, पण उंबऱ्याच्या आत नाही.

"हो म्हणालो."

"जातोस."

"पुढच्या आठवड्यात. तिथं खोली देतायत. एकट्याची."

"सूड घेतोस?"

त्यानं खरोखर विचार केला. "थोडा असेल. पण तेवढ्यासाठी नाही. इथं राहतो म्हणत होतो ते तुझ्यासाठी, असं मला वाटत होतं. ते त्या दोन खोल्यांसाठी होतं. त्या नाहीत तर इथं राहून मी रोज तुझ्या खिडकीकडे बघणार, आणि आज येऊ नकोस एवढं म्हणायला तू घाबरणार. मग तू त्या घड्याळवाल्याला लिहिशील. तसं नको."

"मग येशील का अधूनमधून?"

"माहीत नाही. तुला बरं वाटावं म्हणून हो म्हणत नाही. वाटलं तर येईन. तूच म्हणालीस ना, कशावरूनच नाही."

वाद तिनं जिंकला होता. शब्दन् शब्द तिचाच परत आला होता. हवं होतं अंतर, तर आता मधे अख्खं शहर आलं.

"मी आले तर?" तिनं विचारलं. "तिकडं?"

ह्यावर तो पहिल्यांदाच गोंधळला. पिशवी उचलायला वाकला, वाकलेलाच बोलला. "तू? दुकान टाकून?"

"रविवारी दुकान बंद असतं."

"कळवून ये," तो म्हणाला. पिशवी खांद्यावर चढवली. "मी घरी असलो तर दार उघडीन."

"नसलास तर?"

"तर नसेन," तो म्हणाला. ह्यात टोमणा होता की नव्हता हे तिला कळेना. तो वळला आणि औषधाच्या दुकानाच्या दिशेनं रस्ता ओलांडून गेला. ती दारापर्यंत गेली नाही. त्यानं मागं वळून पाहिलं की नाही हे तिला म्हणूनच माहीत नाही.

भाची दारात आली. भुवया उंचावून नुसतं विचारलं.

"जातोय," उस्ताद म्हणाली.

"तुटलं?"

"नाही."

"मग टिकलं?"

"तेही नाही."

"अगं, ह्याला काहीतरी नाव असेल ना!"

"तुमच्यात असेल. जा, गिऱ्हाईक आलंय तुझं."

भाची घुटमळली, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि गेली. उस्तादनं मूठ उघडली. तळहातावर खिळ्यांचे लाल ठसे उठले होते. ते खिळे तिनं पुसून डब्यात टाकले. पाण्यात ठेवलेलं सोल्युशन पातळ झालं होतं, ते टेकूच्या लाकडावर फासलं, फोम दाबून बसवला, कडेनं अंगठा फिरवला. टेम्पो यायच्या आत दोन्ही टेकूंची किनार शिवून व्हायला हवी होती. कापडाची पट्टी घेऊन ती मशीनवर बसली, पॅडल दाबलं. सुई चालली, पण टाका पडेना. बॉबिन रिकामी होती. तिनं ती काढली, रिळाचं टोक ओढून घेतलं आणि दोरा भरायला लागली.